निगेटिव्ह-स्लाइडसाठी परवडणारा स्कॅनर: दुकानात जाण्याआधी ट्रंक उघडा

घरातल्या जुन्या निगेटिव्ह आणि स्लाइड संगणकावर आणायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, ‘कोणता स्कॅनर घेऊ?’ त्याचं उत्तर दुकानात नसतं, माळ्यावरच्या ट्रंकेत असतं. फिल्म कोणत्या मापाची आहे, किती आहे आणि त्यातली खरोखर हवी असलेली किती, एवढं कळलं की बाजारातली निम्मी यंत्रं आपोआप बाद होतात. हे न पाहता जाहिरातीतल्या आकड्यांवर भाळून घेतलेला स्कॅनर चार रविवार चालतो आणि मग त्याच माळ्यावर चढतो.

म्हणून खरेदीचा विचार आठवडाभर बाजूला ठेवा आणि एक मोजपट्टी घेऊन बसा.

पहिली पायरी: फिल्मचं माप

रुंदी ३५ मिलिमीटर आणि दोन्ही कडांना भोकांची रांग असेल तर ती ३५ मिमी फिल्म. तिच्यावरची एक फ्रेम, म्हणजे एका फोटोची जागा, २४ × ३६ मिमीची. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून डिजिटल कॅमेरा येईपर्यंतचे आपल्याकडचे रंगीत फोटो, म्हणजे लग्नं, मुंजी, बारशी, अष्टविनायकाच्या सहली, बहुतेक हिच्यावर आहेत. स्टुडिओवाला चार किंवा सहा फ्रेमच्या पट्ट्या कापून प्रिंटच्या पाकिटातच घालून द्यायचा.

रुंदी सहा सेंटिमीटरच्या थोडी वर आणि भोकं नसतील तर ती १२० रोल फिल्म. इथे जरा थांबा, कारण खरेदीतली सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडच्या घरांत जे कॅमेरे होते त्यांत आग्फा क्लिक थ्री आणि आग्फा आयसोली ही नावं हटकून सापडतात. दोन्ही १२० रोल घेत. क्लिक थ्री एका रोलमध्ये ६ × ६ सेंटिमीटरचे १२ फोटो काढायचा, आयसोली ४ × ४ चे १६. आजीच्या अल्बममध्ये काळ्या कागदावर कोपऱ्यांत खोचलेले ते छोटे चौकोनी फोटो आठवतात? त्यांतले कित्येक निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेले, म्हणजे निगेटिव्हच्याच आकाराचे असत. तुमच्या ट्रंकेत अशा निगेटिव्ह असतील तर ‘फिल्म स्कॅनर’ म्हणून विकली जाणारी बहुतेक स्वस्त यंत्रं तुमच्या कामाची नाहीत. त्यांत ही फिल्म आत जातच नाही.

अंगठ्याच्या नखाएवढी, १३ × १७ मिमीची फ्रेम असेल तर ती ११० फिल्म, खिशात मावणाऱ्या चपट्या कॅमेऱ्यांची. ती कशानेही स्कॅन केली तरी फार अपेक्षा ठेवू नका. मुळात तपशीलच कमी असतो.

स्लाइड ओळखायला सोप्या. पाच सेंटिमीटर चौरस पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेली ३५ मिमीची रंगीत फ्रेम, उजेडाकडे धरली की थेट खरे रंग. चौकटीची जाडी मात्र बघून ठेवा. काचेत बसवलेल्या जाड स्लाइड पुष्कळ छोट्या स्कॅनरच्या खाचेत अडकतात.

मोजताना तीन ढीग करा: ३५ मिमी, १२० आणि बाकीचं. प्रत्येक ढिगात अंदाजे किती फ्रेम आहेत ते लिहून ठेवा. ३६ फोटोंचे पंचवीस रोल म्हणजे ९०० फ्रेम होतात, आणि पंचवीस रोल दिसायला काहीच दिसत नाहीत.

दुसरी पायरी: चाळणी

सगळं स्कॅन करायचं नसतं. ३६ पैकी सात-आठ फोटोंत कुणाचे तरी डोळे मिटलेले, चार हललेले, तीन चुकून दाबलेले. निगेटिव्हमध्ये चेहरे ओळखता येत नाहीत म्हणून लोक घाऊक स्कॅन करायला घेतात आणि तिसऱ्या रोलला कंटाळतात.

सोपी युक्ती आहे. टॅब्लेटवर पूर्ण पांढरा पडदा उघडा, त्यावर निगेटिव्हच्या पट्ट्या पसरा आणि फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचे रंग उलटे करा. अँड्रॉइडवर ‘कलर इन्व्हर्जन’ आणि आयफोनवर ‘क्लासिक इन्व्हर्ट’ नावाने हा पर्याय असतो. मग कॅमेरा उघडून पट्टीवर धरा, की निगेटिव्हची माणसं पडद्यावर जिवंत दिसू लागतात. रंग निळसर येतील, पण मामा कोण आणि आत्या कोण हे नक्की कळेल. घरातलं ज्येष्ठ माणूस शेजारी बसवून हे करा. फोटोतल्या माणसांची नावं, साल, गाव हे सगळं त्यांच्याच तोंडून मिळणार आहे, आणि ते कोणत्याही दर्जाच्या स्कॅनपेक्षा मोलाचं आहे.

हव्या त्या फ्रेमचा क्रमांक पाकिटावर पेन्सिलीने लिहा. तो फिल्मच्या कडेला छापलेला असतो. ९०० मधून दीड-दोनशे उरतील. आता स्कॅनरचा विचार करू.

तिसरी पायरी: आकड्यांचा खेळ समजून घ्या

खोक्यावर ७२०० डीपीआय, ६४०० डीपीआय, २२ मेगापिक्सेल असले आकडे असतात. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपले. गणित फार सोपं आहे. ३५ मिमीची फ्रेम साधारण ०.९४ × १.४२ इंच असते. २४०० डीपीआयने टिपली तर सुमारे २२७० × ३४०० ठिपके, म्हणजे पावणेआठ मेगापिक्सेल. ३०० डीपीआयने छापल्यास हा फोटो सुमारे ७.५ × ११ इंचांचा निघतो. ३६०० डीपीआयला सतरा मेगापिक्सेल होतात. हातात धरायच्या साध्या कॅमेऱ्याने काढलेल्या घरगुती फोटोत याहून जास्त तपशील सहसा नसतोच. पुढे जाल तसे फक्त फिल्मचे कण मोठे दिसतात.

गोम अशी की छापलेला डीपीआय आणि प्रत्यक्षात मिळणारा डीपीआय यांत बरंच अंतर असतं. स्कॅनर ६४०० ठिपके मोजतो खरा, पण त्याची भिंगं तेवढं बारीक पाहू शकत नाहीत. बारीक रेघांची प्रमाणित चाचणीपट्टी स्कॅन करून कोणत्या रेघा सुट्या दिसतात यावरून खरी ताकद मोजतात. एप्सनचा परफेक्शन व्ही६०० कागदावर ६४०० डीपीआयचा आहे. अशा चाचणीत तो १५०० ते १६०० च्या घरात येतो. त्याचा महागडा भाऊ व्ही८५० सुमारे २३०० पर्यंत जातो. प्लसटेकचा ऑप्टिकफिल्म ८१०० कागदावर ७२००, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास. जुना निकॉन कूलस्कॅन ५००० ईडी ४००० सांगतो आणि जवळजवळ तेवढं देतो. त्या काळी खोक्यावरचे आकडे जरा लाजून लिहिले जात असावेत.

आता हेच १२० फिल्मला लावून बघा. क्लिक थ्रीची फ्रेम प्रत्यक्षात सुमारे ५६ × ५६ मिमी, म्हणजे २.२ इंच. खरे १५०० डीपीआय मिळाले तरी ३३०० × ३३०० ठिपके, जवळपास अकरा मेगापिक्सेल. त्याच व्ही६०० वर ३५ मिमीची फ्रेम जेमतेम तीन मेगापिक्सेल देते. यंत्र तेच, पण एका फिल्मला भरपूर आणि दुसरीला तुटपुंजं. ‘व्ही६०० चांगला की वाईट’ या वादात दोन्ही बाजू बरोबर असतात, कारण दोघांच्या ट्रंका वेगळ्या असतात.

मेगापिक्सेलची गोष्ट वेगळी नाही. छोट्या पडदेवाल्या स्कॅनरमध्ये १४ मेगापिक्सेलचा सेन्सर असतो आणि २२ हा आकडा सॉफ्टवेअरने ठिपके वाढवून केलेला असतो. मधले ठिपके अंदाजाने भरलेले, त्यांत नवी माहिती शून्य.

चौथी पायरी: यंत्रांची ओळख

सगळ्यात आधी एक गैरसमज. घरात किंवा ऑफिसात कागद स्कॅन करायचं जे यंत्र असतं, त्याने फिल्म स्कॅन होत नाही. कागदावर प्रकाश पडून परततो. फिल्ममधून प्रकाश आरपार जावा लागतो. म्हणून झाकणात दिवा असलेलाच सपाट स्कॅनर लागतो. एप्सन व्ही३९ किंवा कॅननच्या पातळ लाइड मालिकेतली नेहमीची मॉडेलं स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. ती कागदाला आणि प्रिंटला उत्तम आहेत, फिल्मसाठी निरुपयोगी.

*छोटे पडदेवाले स्कॅनर.* कोडॅकच्या नावाने मिळणारे स्लाइड अँड स्कॅन आणि स्कॅन्झा हे यांतले प्रसिद्ध. आत छोटा कॅमेरा आणि दिवा, वर पडदा, बाजूला मेमरी कार्डची खाच. पट्टी सरकवायची, बटण दाबायचं, दोन-तीन सेकंदांत फोटो तयार. संगणक लागत नाही, त्यामुळे निवृत्त काकांना भेट द्यायला छान. मात्र फक्त जेपीईजी मिळतं, उजेड-सावलीवर ताबा जवळजवळ नाही, भडक उजेडातला शालूचा पांढरा जरीकाठ सपाट पांढरा होतो आणि सावलीतले चेहरे काळवंडतात. ३५ मिमी, १२६ (काडतुसात येणारी जुनी, चौकोनी फ्रेमची फिल्म) आणि ११० चालतात, १२० नाही. व्हॉट्सॲपवर कुटुंबाला पाठवण्यापुरतं हवं असेल तर पुरेसं आहे. भिंतीवर लावायचा फोटो त्यातून काढायचा विचार असेल तर पैसे वाचवा. याच घाटाचे बिननावाचे स्वस्त स्कॅनरही मिळतात. त्यांचा सेन्सर याहून साधा असतो, ते मी कुणालाच सुचवणार नाही.

*झाकणात दिवा असलेले सपाट स्कॅनर.* परवडणाऱ्यांत व्ही६०० हे नाव वर्षानुवर्षं टिकून आहे. तो २००९ पासूनचा. एका वेळी ३५ मिमीच्या १२ फ्रेम किंवा चार स्लाइड, किंवा १२० ची एक पट्टी मावते. शिवाय अल्बममधले प्रिंट आणि घरातले कागदही स्कॅन होतात, हा फायदा लहान नाही. ट्रंकेत १२० च्या निगेटिव्ह जास्त असतील तर मी डोळे झाकून हाच प्रकार निवडेन. ३५ मिमीसाठी पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटपर्यंत तो पुरतो, पुढे मऊ पडतो. वापरलेला व्ही५००, व्ही५५०, व्ही७०० किंवा कॅननचा ९०००एफ मिळाला तरी काम तेच होतं. व्ही८५० नवा घेणं मात्र ‘परवडणारा’ या शब्दात बसत नाही. अमेरिकेत तो हजार डॉलरच्या वर विकला गेला आहे, आणि आपल्याकडे आयात होऊन येताना किंमत आणखी फुगते.

*फक्त ३५ मिमीचे खास स्कॅनर.* प्लसटेक ऑप्टिकफिल्म ८१००, ८२००आय आणि त्यांच्यानंतरचा ८३००आय. आकार पावाच्या लादीएवढा, बाजूने धारक (फिल्म धरणारी चौकट) आत ढकलायचा. किंमत आणि तपशील यांचा मेळ बघितला तर नव्या यंत्रांत ३५ मिमीसाठी याला तोड नाही. पण प्रत्येक फ्रेमला धारक हाताने सरकवावा लागतो आणि नंतर प्रीव्ह्यू, स्कॅन, जतन. धूळ झटकण्यापासून धरलं तर फ्रेममागे तीन-चार मिनिटं सहज जातात. दोनशे निवडक फ्रेम म्हणजे दहा-बारा तास, ते जमतं. न चाळलेल्या ९०० म्हणजे पन्नास-साठ तास, ते कुणाला जमल्याचं फारसं दिसत नाही. दुसरी सल: फोकस ठरलेला असतो, त्यामुळे फुगलेल्या स्लाइडचे कोपरे मऊ येतात.

*जुने नावाजलेले.* निकॉन कूलस्कॅन आणि मिनोल्टा डिमाज मालिका आता बनत नाहीत, पण वापरलेल्या मिळतात आणि आजही भल्याभल्यांना भारी पडतात. घ्यायचा तर यूएसबीने जोडला जाणारा घ्या: कूलस्कॅन व्ही ईडी किंवा ५००० ईडी. त्याआधीचे स्कझी किंवा फायरवायर या जुन्या प्रकारच्या जोडणीचे स्कॅनर स्वस्त दिसतात, पण आजच्या लॅपटॉपला ते जोडण्यात जी यातायात होते तिच्यात स्वस्ताई संपते. कंपनीचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर नीट चालत नाही, तिथे व्ह्यूस्कॅन नावाचं विकत मिळणारं सॉफ्टवेअर कामी येतं. जुन्या स्कॅनरचा तोच मोठा आधार आहे.

*कॅमेऱ्याने स्कॅन.* घरात डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा आधीच असेल तर हा भाग दोनदा वाचा. कारण मग स्कॅनर घेण्याची गरजच उरत नाही. निगेटिव्ह दिव्यावर ठेवून मॅक्रो लेन्सने (अगदी जवळून फोटो काढायच्या भिंगाने) तिचा फोटो काढायचा आणि सॉफ्टवेअरमध्ये उलटवायचा, एवढंच. २४ मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा आणि बरी मॅक्रो लेन्स मिळून व्ही६०० ला सहज मागे टाकतात, आणि एकदा बैठक जमली की अख्खा रोल पंधरा मिनिटांत उरकतो. १२० सुद्धा होते, कॅमेरा फक्त वर सरकवायचा.

लेन्स नवीच हवी असं नाही. निकॉनची जुनी हाताने फोकस करायची ५५ मिमी मायक्रो लेन्स अडॅप्टर लावून कोणत्याही मिररलेसवर बसते. तिला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) जोडली की फ्रेमभर मोठं चित्र मिळतं. मुंबईत सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात अशा लेन्स हातात घेऊन बघता येतात. दिव्यासाठी व्हिडिओवाल्यांचा छोटा एलईडी पॅनेल घ्या. त्याच्या खोक्यावर सीआरआय (दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९५ किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असावं, नाहीतर त्वचेचे रंग कधीच बरोबर येत नाहीत. पॅनेलवर दुधी ॲक्रिलिकचा तुकडा ठेवा. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे पॅनेल आणि जोडण्या मिळून जातात. टॅब्लेटचा पडदा दिवा म्हणून वापरायचा तर फिल्म त्याच्यापासून दोन-तीन सेंटिमीटर वर उचला, नाहीतर पडद्याचे ठिपके फोटोत उतरतात.

कॅमेरा धरायला स्टँड? तालुक्याच्या गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओत विचारा. डार्करूममधला एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठे फोटो काढायचं यंत्र, कुठेतरी धूळ खात पडलेला असतो आणि तो भंगाराच्या भावात मिळतो. त्याचा खांब म्हणजे कॅमेरा वरखाली सरकवायला आयता स्टँड, आणि त्यातली निगेटिव्ह धरायची चौकट फिल्म सपाट ठेवते. कॅमेरा अगदी समांतर बसला की नाही हे पाहायला फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा. पडद्यावर लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी आलं की झालं. आयएसओ १००, छिद्र एफ/८, दोन सेकंदांचा टाइमर, रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, न दाबलेली माहिती). इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा, एलईडीमुळे आडवे पट्टे येतात.

रंगीत निगेटिव्हवर नारिंगी झाक असते, त्यामुळे नुसतं उलटवलं की निळा रंग येतो. डार्कटेबल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये नेगाडॉक्टर नावाचं साधन याचसाठी आहे. रॉथेरपीमध्येही फिल्म निगेटिव्हची सोय आहे. दोन्हींना फिल्मचा रिकामा, फोटो नसलेला भाग दाखवावा लागतो, म्हणून टिपताना कडेची थोडी पट्टी फ्रेममध्ये राहू द्या. लाइटरूम हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याला जोडायचं निगेटिव्ह लॅब प्रो विकत मिळतं आणि वेळ वाचवतं. शिकायला एक-दोन संध्याकाळी लागतील. ज्यांना संगणकाचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी हा मार्ग नाही, हे मोकळेपणाने सांगतो.

धूळ, बुरशी आणि इन्फ्रारेड

८१०० आणि ८२००आय यांतला मुख्य फरक त्या ‘आय’ अक्षरात आहे. ‘आय’वाला स्कॅनर इन्फ्रारेड किरणांनी आणखी एक फेरी मारतो. रंगीत फिल्मच्या रंगद्रव्यांतून इन्फ्रारेड आरपार जातो, पण धूळ आणि ओरखडे त्याला अडवतात. त्यामुळे डाग कुठे आहेत याचा नकाशा तयार होतो आणि सॉफ्टवेअर तेवढीच जागा भरून काढतं. व्ही६०० मध्ये हेच डिजिटल आइस या नावाने आहे. आपल्याकडच्या दमट हवेत वीस-तीस वर्षं पडलेल्या रंगीत निगेटिव्हसाठी ही सोय पैसे वसूल करते. कॅमेऱ्याने स्कॅन करताना ती मिळत नाही, प्रत्येक ठिपका हाताने पुसावा लागतो.

जुन्या कृष्णधवल फिल्मवर मात्र ती बंदच ठेवायची. त्या फिल्मचं चित्र चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी इन्फ्रारेडही अडवते. परिणामी यंत्र आख्ख्या चेहऱ्यालाच डाग समजतं. कोडॅकच्या कोडाक्रोम जातीच्या स्लाइडवरही हा प्रकार नीट चालत नाही; तुमच्या स्लाइडच्या पुठ्ठ्यावर ते नाव छापलेलं असेल तर आधी एक करून बघा. म्हणजे हिशेब असा: ट्रंकेत सगळं कृष्णधवल असेल तर ‘आय’साठी जादा पैसे मोजू नका.

बुरशीबद्दल एक सूचना, ही पाळाच. कोकण, मुंबई, गोवा इथल्या घरांतल्या फिल्मवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. ती बुरशी फिल्मवरचा जिलेटिनचा थर खाते आणि त्यामुळे तो थर पाण्यात विरघळू लागतो. अशी निगेटिव्ह पाण्याने धुतली तर बुरशीबरोबर फोटोही निघून जाईल. रबरी फुग्याच्या ब्लोअरने हवा मारा, मऊ ब्रशने झटका, फार तर चकचकीत बाजू शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसा. खराब झालेल्या फ्रेम आहेत तशाच आधी स्कॅन करून घ्या, मग काय ते प्रयोग. आणि हे काम भर पावसाळ्यात काढू नका. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी.

पाचवी पायरी: लॅबचा हिशेब घाला

कित्येकांना स्कॅनर लागतच नाही. मोठ्या शहरांत पुन्हा फिल्म धुऊन देणाऱ्या लॅब सुरू आहेत. त्यांच्याकडे नोरित्सु किंवा फुजी फ्रंटियर जातीचे व्यावसायिक स्कॅनर असतात आणि दर फ्रेमवर किंवा रोलवर ठरतो. समजा लॅब फ्रेमला ४० रुपये मागते आणि तुमच्या निवडक फ्रेम १५० आहेत, तर सहा हजारांत विषय संपतो. हजार फ्रेम असतील तर चाळीस हजार होतील, तिथे स्वतःचं यंत्र स्वस्त पडतं. तुमच्या शहरातला खरा दर आणि तुमची फ्रेमसंख्या घालून हा गुणाकार करा.

लॅबला तीन प्रश्न विचारा. फाइल किती पिक्सेलची देणार? एकेकटी कापलेली १२० ची निगेटिव्ह घेता का? सगळ्या निगेटिव्ह त्याच क्रमाने परत मिळणार का? ‘एचडी क्वालिटी’ असं उत्तर आलं की दुसरी लॅब बघा. जपून ठेवलेल्या निगेटिव्ह कुरिअरने पाठवण्यापेक्षा स्वतः नेऊन द्या.

मग नेमकं काय घ्यायचं?

कॅमेरा घरात आहे आणि संगणकाची भीती नाही: मॅक्रो लेन्स आणि दिवा. फक्त ३५ मिमी रंगीत, निवडक दोनशे-पाचशे फ्रेम: प्लसटेक ८२००आय. फक्त ३५ मिमी कृष्णधवल: ८१००. १२० जास्त, किंवा अल्बममधले प्रिंटही करायचे: व्ही६०० किंवा त्याचा वापरलेला भाऊबंद. निवडक फ्रेम शंभरच्या आत: लॅब. मिश्र ट्रंक असेल, म्हणजे आजोबांच्या चौकोनी निगेटिव्ह आणि आई-बाबांच्या लग्नाचे रंगीत रोल, तर घरी व्ही६०० आणि त्यातल्या पंधरा-वीस सर्वोत्तम ३५ मिमी फ्रेम लॅबला, ही जोडी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

पैशाची आणखी एक वाट आहे. हे यंत्र आयुष्यभर लागत नाही. चुलत-मावस भावंडांत वर्गणी काढा, प्रत्येक घरी दोन महिने फिरवा आणि शेवटी विकून टाका. प्लसटेक आणि एप्सनला वापरलेल्या बाजारात गिऱ्हाईक असतं. अमेरिकेतला कुणी नातेवाईक आणून देणार असेल तर अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं आहे ना हे आधी विचारा, आणि तिथली वॉरंटी इथे चालत नाही हे गृहीत धरा.

वापरलेला घेताना चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. स्वतःची एक स्लाइड बरोबर न्या. स्कॅन शंभर टक्के आकाराला बघा: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रंगीत रेघ दिसली तर आतल्या सेन्सरवर किंवा काचेच्या कॅलिब्रेशनच्या (यंत्र स्वतःची जुळणी करतं त्या) जागेवर धूळ आहे. काळ्या कडेभोवती धुरकट उजेड पसरलेला दिसला तर आतला आरसा मळलाय, कूलस्कॅनची ही जुनी खोड आहे. फिल्मचे धारक सगळे आहेत का ते मोजून घ्या. धारक हरवलेला स्कॅनर अर्ध्या किमतीतही महाग, कारण सुटा धारक मिळवताना नाकी नऊ येतात.

यंत्र घरी आल्यावर

पहिल्या दिवशी एकच फ्रेम घ्या आणि ती वेगवेगळ्या डीपीआयला स्कॅन करून शेजारी शेजारी ठेवून बघा. ज्या आकड्यानंतर तपशील वाढत नाही, फक्त फाइल फुगते, तो तुमचा आकडा. प्लसटेकवर बहुधा ३६०० ला थांबाल, व्ही६०० वर २४०० ला. ३६०० डीपीआयची १६ बिटची (रंगछटा जास्त बारकाईने साठवणारी) रंगीत टिफ फाइल, म्हणजे जेपीईजीसारखी न दाबलेली, शंभर एमबीची होते. दोनशे फ्रेमना वीस जीबी लागतील. निवडक फोटोंची टिफ, बाकीच्यांची उत्तम दर्जाची जेपीईजी ठेवली तरी चालतं. कृष्णधवल फिल्म १६ बिट ग्रेस्केलमध्ये घ्या. ‘ऑटो शार्पन’ बंद. जुन्या लालसर पडलेल्या स्लाइडसाठी ‘कलर रिस्टोरेशन’ मात्र चालू करून बघा, बऱ्याचदा आभाळ परत निळं होतं.

फिल्मची मंद बाजू चित्राच्या थराची, चकचकीत बाजू पाठीची. कडेचे आकडे सुलटे वाचता येतात तेव्हा तुम्ही चकचकीत बाजूने बघत असता. धारकात कोणती बाजू वर हे पुस्तिकेत दिलेलं असतं, पण आकडे कापले गेलेल्या सुट्या फ्रेमला त्याचा उपयोग नाही. तिथे फोटोच वाचावा लागतो: दुकानाची पाटी, मनगटावरचं घड्याळ, आणि नसेल काही तर आजीचा पदर. तो उजव्या खांद्यावर आला असेल, आणि आजी गुजराती पद्धतीची साडी नेसणाऱ्या नसतील, तर फ्रेम उलटी पडली आहे.

फाइलला नाव देताना साल, रोल आणि फ्रेम या क्रमाने द्या: १९८८_रोल०३_१४. साल ठाऊक नसेल तर ‘१९८०चे_दशक’ लिहा, पण रोलचा क्रमांक पाकिटावर आणि फाइलवर सारखाच हवा. माणसांची नावं फाइलच्या माहितीत, म्हणजे मेटाडेटात लिहा. डिजिकॅमसारखं फुकट सॉफ्टवेअर ते करतं. एक प्रत संगणकावर, एक सुट्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे.

स्कॅन झालेल्या निगेटिव्ह फेकू नका. पीव्हीसीच्या चिकट पिशव्यांतून काढून कागदी किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत घाला, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा आणि पुड्या दर पावसाळ्याआधी बदला. ज्या पाकिटाला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते आधी स्कॅन करा आणि वेगळ्या जागी, बंद डब्यात नव्हे तर हवा खेळती राहील अशा कागदी पाकिटात ठेवा. त्या फिल्मचा ॲसिटेट कुजायला लागलेला असतो आणि त्याची वाफ शेजारच्या रोललाही लागते.